तक्रारी तेवीस आहेत, आधी कशाला हात घालायचा हे कसं ठरवायचं?

मधलीगल्ली:
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय पण शेवटपर्यंत वाचा प्लीज, खरंच अडलंय.

आमच्या वस्तीत शे-दीडशे घरं आहेत. पाणी, धूर, डास, गटार सगळंच साचत गेलं आणि शेवटी आम्ही रहिवाशांनीच ठरवलं की नुसतं ग्रुपवर चिडून काही होत नाही, बसून यादी करू, त्यातले दोन-तीन प्रश्न निवडू आणि ते तडीला नेऊ. यादी केली तर तेवीस गोष्टी निघाल्या. तुंबलेल्या गटाराचा वास, कोपऱ्यावर रोज संध्याकाळी जळणारा कचरा, डास, नळाला पहिली दहा मिनिटं येणारं गढूळ पाणी, बांधकामाची धूळ, मागच्या बाजूच्या जनरेटरचा आवाज, उघडे चेंबर... वाचतानाच दमायला होतं.

मागच्या मीटिंगला हात वर करून मतं घेतली. गटाराच्या वासाला सगळ्यात जास्त, त्याखालोखाल जनरेटर. पाण्याला फक्त नऊ हात. ठरलं म्हणून लोक उठायला लागले आणि शेवटच्या रांगेत मुलाला मांडीवर घेऊन बसलेली एक बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ताई, याला दोन महिन्यांत तिसऱ्यांदा जुलाब झालेत, शेजारच्या दोन घरांत पण तेच चाललंय. मी म्हटलं अगं मग हात का नाही वर केलास, तर म्हणाली, आमची उतारावरची अकराच घरं, तुमच्याकडे पाणी चांगलं येतं, आमच्यासाठी सगळ्यांना कशाला अडवून धरायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्याकडे गेले. नळ सुरू झाल्याझाल्या काचेची बाटली भरली आणि खिडकीत ठेवली. अर्ध्या तासाने तळाला बोटाच्या पेराएवढा काळपट थर बसला होता, बूच उघडलं की कुजका वास. त्याच वेळचं माझ्या घरचं पाणी शेजारी ठेवलं तर एकदम नितळ. तेव्हापासून त्या मतदानावरून माझा विश्वास उडालाय. पण लोकांनी दिलेला कौल मी एकटीने फिरवायचा का? आणि मतं घ्यायची नाहीत तर मग ठरवायचं कशावर? कोणी असं काही केलं असेल तर सांगा.

निळीबादली:
ताई, पहिली गोष्ट, उतारावरच्या अकरा घरांचं पाणी यादीतून आजच्या आज बाहेर काढा. म्हणजे सोडून द्या असं नाही, त्याच्यावर मत घ्यायचंच नाही. ज्यात आत्ता, या आठवड्यात, लहान मूल दगावू शकतं त्या गोष्टीचा नंबर लावत बसायचं नसतं.

मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये सतरा वर्षं काम केलंय आणि तुम्ही लिहिलंय ते चित्र इतक्यांदा बघितलंय की वाचतानाच पोटात गोळा आला. पाणी ठरावीक वेळ सोडून बंद करतात तेव्हा पाइपातला दाब जातो, आणि कुठे जॉइंट सैल असेल, पाइप गंजून भोक पडलं असेल तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. नळाची लाईन आणि ड्रेनेजची लाईन एकाच चरात, हातभर अंतरावर असतात बऱ्याच ठिकाणी. मग पुन्हा पाणी सोडलं की पहिल्या लोंढ्याबरोबर ते सगळं घरात येतं. तुमचं तुंबलेलं गटार नेमकं कुठून जातं ते बघा, ती लाईन या अकरा घरांच्या वरच्या अंगाला असेल तर तुमच्या यादीतल्या दोन तक्रारी मुळात एकच आहेत.

तोपर्यंत त्या घरांनी पिण्याचं पाणी खळखळ उकळी येईपर्यंत तापवायचं, पहिला लोंढा भरायचाच नाही, मुलांना जुलाब झाले तर ओआरएस लगेच सुरू करायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं, वाट बघायची नाही.

सॅम्पलबद्दल नीट वाचा कारण इथेच लोक चुकतात. बाटली लॅबकडूनच निर्जंतुक केलेली घ्या. तिच्या तळाशी थोडीशी पावडर किंवा थेंब दिसतो, तो क्लोरीन मारण्यासाठी मुद्दाम घातलेला असतो, म्हणून बाटली विसळायची नाही. झाकण आतून बोटाने शिवायचं नाही. थंड डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत लॅबमध्ये पोचवायचं. रिपोर्टमध्ये दोन गोष्टी बघा. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारे जंतू, एकही असता कामा नये, आणि नळाशी उरलेला क्लोरीन (तो नळापाशीच वेगळा मोजायचा, या बाटलीतून नाही) लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम तरी हवा. वरच्या घरात क्लोरीन सापडला आणि उतारावर शून्य आला तर समजायचं मधे कुठेतरी घाण शिरतेय. आणि तुमच्या घरचं नितळ दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका, जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, वरच्या दोन घरांचं सॅम्पल पण घ्या.

लंडनमध्ये १८५४ साली कॉलऱ्याची साथ आली तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने कुठल्या घरात किती माणसं गेली ते नकाशावर मांडलं आणि सगळं ब्रॉड स्ट्रीटच्या एका हातपंपाभोवती गोळा झालेलं दिसलं. त्या विहिरीजवळच एक फुटका मैल्याचा हौद निघाला नंतर. सबंध शहराची सरासरी काढली असती तर त्यात तो पंप दिसला नसता. तुमची अकरा घरं तशीच आहेत.

आकडेमोड:
निळीबादली ताईंनी पाण्याचं अगदी बरोबर सांगितलंय. मी उरलेल्या बावीस गोष्टींबद्दल बोलतो.

हात वर करून काय कळतं, तर कुठला त्रास किती जणांना जाणवतो एवढंच. तो त्रास किती घातक आहे आणि आपल्याच्याने तो सुटेल का, हे दोन्ही त्यात येत नाही. सार्वजनिक आरोग्यात यासाठी हॅनलॉन पद्धत म्हणून एक जुनी पद्धत आहे, तिची सोपी आवृत्ती वस्तीत सहज करता येते. प्रत्येक प्रश्नाला तीनदा शून्य ते दहा मार्क द्यायचे. किती लोकांना, किती गंभीर, आणि उपाय केला तर किती फरक पडेल. गंभीरपणाचे मार्क दुप्पट करून लोकसंख्येच्या मार्कांत मिळवायचे आणि आलेल्या बेरजेला उपायाच्या मार्कांनी गुणायचं.

तुमचंच उदाहरण घेऊन बघा, मार्क मी अंदाजाने धरतोय. गटाराचा नुसता वास, लोक ८, गंभीरपणा ३, उपाय ६. म्हणजे ८ अधिक ६, चौदा, गुणिले ६, ८४. उतारावरचं पाणी, लोक फक्त २, गंभीरपणा ९, उपाय ८. म्हणजे २ अधिक १८, वीस, गुणिले ८, १६०. जवळजवळ दुप्पट, आणि तरीही तुमच्या मीटिंगमध्ये ते मागे पडलं.

पण एक सांगतो, त्या १६० ला फार चिकटून बसू नका. आमच्याकडे आम्ही हे केलं तेव्हा खरा उपयोग झाला तो मार्कांवरून भांडताना. एक काका म्हणाले धुळीला गंभीरपणा २, समोरची मुलगी म्हणाली माझ्या वडिलांना रात्री तीन उशा लागतात बसून झोपायला, मी ८ देणार, आणि मग काकांनी पहिल्यांदा विचारलं की बाई ग, त्यांना नेमकं काय होतं. हे मतदानात कधीच झालं नसतं.

मार्क देताना आधी सगळ्यांनी गप्प बसून आपापल्या कागदावर लिहायचं, नावाशिवाय. मग एकेकाने क्रमाने एकच मुद्दा सांगायचा, मधे कोणी बोलायचं नाही, चर्चा त्याच्यानंतर. पहिल्यांदाच मोठ्या आवाजाचा माणूस बोलला की बाकीचे आपला कागद बदलतात. आणि शेवटी जे वर येतील त्यांना अजून एका चाळणीतून काढा, हे आपल्या हातात आहे का, कायद्यात बसतं का, लोकांना चालेल का, त्याला लागणारी माणसं आहेत का.

उशिराचीपाळी:
माझं थोडं वेगळं मत आहे. राग मानू नका.

पाणी आधी, याबद्दल वादच नाही. पण वास आणि आवाज म्हणजे नुसती कटकट, खरे आजार वेगळे, असा जो सूर लागतोय तो मला पटत नाही. मी रात्रपाळी करतो. सकाळी सातला घरी येऊन झोपतो आणि आमच्याकडे पण असाच एक जनरेटर होता भिंतीला लागून. चार-चार तासांच्या वर झोप नाही असं वर्षभर चाललं, ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली, आणि मीटिंगा सगळ्या सकाळी अकराला. मी कधी जाणार? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सांगितलंय की रात्री घराबाहेरचा सरासरी आवाज ४० डेसिबलच्या वर जाऊ नये, आणि सततच्या आवाजाने झोपेचं खोबरं होतंच पण हृदयावर पण परिणाम होतो हे आता मान्य झालेलं आहे.

तेव्हा ताई, मार्क कोणी द्यायचे हे मार्क कसे द्यायचे याच्याइतकंच महत्त्वाचं आहे. मीटिंगला कोण येतं ते आठवून बघा. भाडेकरू येतात का, पाळीवाले, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, तान्ही बाळं असलेल्या आया? त्या ताई आल्या तरी हात वर केला नाही, न येणारे किती असतील. आम्ही शेवटी दोन वेगळ्या वेळा ठेवल्या आणि पाच जण दारोदार गेले. वस्तीचा हाताने काढलेला नकाशा बरोबर, आणि रंगीत टिकल्या. खोकल्याला लाल, जुलाबाला निळी, झोपमोडीला काळी, तापाला पिवळी. कोणाचं नाव लिहायचं नाही. चौथ्या दिवशी नकाशा भिंतीला लावला तर लाल टिकल्या सगळ्या एका कोपऱ्यात, आणि त्या कोपऱ्यातलं एकही माणूस तोपर्यंत मीटिंगला आलेलं नव्हतं.

आणि एक. तिन्ही अवघड प्रश्न एकदम घेऊ नका. आम्ही आधी सगळ्यात मोठा धरला, एका कारखान्याचा धूर, दीड वर्ष अर्ज आणि सुनावण्या, लोक गळत गेले, शेवटी सहा जण उरलो. मग उघड्या चेंबरची झाकणं हातात घेतली, ती पंधरा दिवसांत बसली, आणि माणसं परत यायला लागली.

मधलीगल्ली:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज निळीबादली ताईंचा मेसेज प्रिंट काढून उतारावर घरोघर वाचून दाखवला. लॅबच्या बाटल्या परवा मिळतील.

उशिराचीपाळी दादा, तुम्ही म्हणता ते लागलं मला. भाडेकरूंना आम्ही बोलावलंच नव्हतं, कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

अजून एक विचारायचंय. कचरा जाळण्याचं कुठे बसवायचं? जाळणारे आपल्यातलेच आहेत, गाडी तीन-तीन दिवस येत नाही म्हणून ढीग होतो आणि मग कोणीतरी काडी लावतं. यादीत लिहिलं की लगेच कोण जाळतं यावर भांडण. आणि डास वेगळे धरायचे की गटाराबरोबर?

वाराकुठूनयेतो:
धुराचं मी सांगते, माझा मुलगा सात वर्षांचा आहे, दमा आहे, त्यामुळे संध्याकाळी साडेसहाला वारा कुठून येतो हे मला घड्याळासारखं पाठ झालंय. आधी प्लॅस्टिकचा तो गोडसर जळका वास येतो, मी खिडक्या लावते, आणि तरी अर्ध्या तासात त्याच्या छातीतून शिटीसारखा आवाज यायला लागतो, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते श्वास घेताना. ते बघितल्यावर कोणाला वाटणार नाही की हा किरकोळ त्रास आहे.

या धुरातले पीएम २.५ म्हणतात ते कण म्हणजे मिलिमीटरच्या चारशेव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक, ते नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि काही रक्तात पण. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मर्यादा आणखी खाली आणली, दिवसाच्या सरासरीला घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आणि वर्षाच्या सरासरीला ५. कचऱ्यात पीव्हीसी असेल, म्हणजे वायरीची आवरणं, जुने पाइप वगैरे, तर उघड्यावर जाळल्यावर डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्यं तयार होतात, ती लवकर नष्ट होत नाहीत. त्यामुळे गंभीरपणाला कंजुषी करू नका. आणि भांडणाचं म्हणाल तर यादीत "कचरा जाळणारे" असं लिहू नका, "कचरा तीन दिवस उचलला जात नाही" असं लिहा. तिथेच मूळ आहे आणि तिथे सगळे एका बाजूला येतात.

डासांचं मात्र दोन ठिकाणी तोडा. तुंबलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स वाढतो, रात्री चावतो, हत्तीरोग पसरवणारा तोच. डेंग्यूचा एडिस स्वच्छ पाण्यात, आपल्याच घरातल्या पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, टाकीत होतो आणि दिवसा चावतो. पिंपाच्या पाण्यावर टॉर्च मारा, डोकं खाली करून लटकलेल्या अळ्या दिसतील, पिंप हलवलं की वळवळत तळाला जातात. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करायचं, आणि नुसतं ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात, कोरडी होऊनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात, ब्रशने घासायलाच लागतं. धूर फवारणीच्या गाडीवर फार भिस्त ठेवू नका, ती उडणारे डास मारते, अळ्या तशाच राहतात.

आता बघा, पिंपं का भरून ठेवतो आपण? पाणी बेभरवशाचं म्हणून. गटार का तुंबतं? कचरा उचलला जात नाही म्हणून. तेवीस तक्रारी सुतळीने बांधत गेलात तर मला वाटतं दोनच गाठी राहतील, पाणी आणि कचरा. त्या धरा.

जुनंपान:
सगळं वाचलं, फार चांगली चर्चा. एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय.

यादी तक्रारींवरून केली की जे दिसतं, वास येतो, ऐकू येतं तेच यादीत येतं. शिसं दिसत नाही, त्याला वास नाही, आणि मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम हळूहळू होतो. जुन्या दारं-खिडक्यांचे पोपडे, घरातल्या घरात बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणं, असं काही वस्तीत आहे का ते एकदा फिरून बघा. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. याला मीटिंगमध्ये शून्य हात वर होतील.

आणि रहिवाशांनी केलेली माहिती कोणी हलक्यात काढली तर मागे हटू नका. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाची वस्ती रासायनिक कचरा पुरलेल्या जागेला लागून उभी राहिली होती. तिथली लोइस गिब्ज १९७८ साली स्वतःचं मूल आजारी पडलं म्हणून दारोदार फिरली, आजारांच्या नोंदी केल्या, आणि नकाशावर ते आजार बुजवलेल्या जुन्या ओढ्यांच्या वाटेने जास्त दिसले. अधिकाऱ्यांनी आधी ते झटकून टाकलं. पण बायका मागे लागून राहिल्या, कुटुंबांना तिथून हलवायला लागलं आणि १९८० मध्ये असल्या जागा साफ करण्यासाठी देशभरासाठी कायदा झाला. ती शास्त्रज्ञ नव्हती, गृहिणी होती. तारीख, घर कुठलं, वय, त्रास काय, किती दिवस, एवढी पाच खाण्यांची वही पुरते. पण रोज भरायची.

मधलीगल्ली:
पाच आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल सॉरी.

उतारावरची चार आणि वरची दोन अशी सहा सॅम्पल दिली. उतारावरच्या तीन बाटल्यांत ई. कोलाय निघाले, त्या घरांच्या नळाशी क्लोरीन शून्य. वरच्या दोन्ही ठीक. रिपोर्ट आणि टिकल्यांचा नकाशा घेऊन आम्ही चौदा जण पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेलो, त्यात सात जण उतारावरचे. तोंडी बोललो असतो तर कोणी उठलं नसतं, कागद बघितल्यावर दुसऱ्या दिवशी माणसं आली. खोदलं तेव्हा मी तिथेच उभी होते. चेंबरपासून दोन पावलांवर नळाच्या पाइपाचा जॉइंट, त्यावर कधीकाळी गुंडाळलेली रबराची पट्टी कुजून लोंबत होती आणि भोवतीची माती काळी, चिखलासारखी. जॉइंट लगेच बदलला.

मार्कांची मीटिंग दोनदा घेतली, एक सकाळी, एक रात्री नऊला. रात्री भाडेकरू आले, एकोणीस जण. कचरा उचलण्याला सगळ्यात जास्त मार्क पडले, दुसरं गटार आणि तिसरी धूळ. जनरेटर पाचवा गेला आणि मागच्या बाजूची चार घरं नाराज आहेत, मला त्यांचं खूप वाईट वाटतंय, त्यांच्यासाठी आवाजाच्या वेळा लिहून ठेवायला एक वही वेगळी सुरू केलीय. शिशाचं अजून बघितलं नाही, पुढच्या रविवारी फिरणार. आजारांची वही त्या शेवटच्या रांगेतल्या ताई भरतात. गेले नऊ दिवस त्यांच्या मुलाला त्रास नाही, पण ते उकळलेल्या पाण्यामुळे की जॉइंटमुळे ते कसं कळणार.

निळीबादली ताई, आता पुन्हा सॅम्पल कधी घ्यायचं? आणि उकळणं बंद करायचं का?

निळीबादली:
बंद करू नका इतक्यात. दुरुस्तीनंतर ती लाईन जोरात सोडून धुतली का आणि क्लोरीन घातला का ते आधी विचारा, खोदताना माती आत जातेच. ते झाल्यावर एक दिवसाच्या अंतराने दोनदा सॅम्पल घ्या, त्याच तीन घरांतून, दर वेळी नळ सुरू झाल्याझाल्याचं एक आणि पाच मिनिटांनी एक. चारही बाटल्या प्रत्येक घरात शुद्ध आल्या तर मग उकळणं थांबवा. पावसाळ्यात चरात पाणी भरतं तेव्हा परत एकदा तपासा, तो जॉइंट एकटाच कुजलेला असेल असं मला वाटत नाही.